आजीचा अंगठा घेऊ नका, ताई

पत्र थोडक्यात असं: जत तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षिकेनं लिहिलंय. शाळा द्विशिक्षकी. डिसेंबरातल्या एका दुपारी हेडसर केंद्राच्या मीटिंगला गेले होते. जेवणाच्या सुट्टीत बाई वर्गात बसून पोषण आहाराची माहिती मोबाइलवर भरत होत्या. तेवढ्यात शाळेचं सरकतं लोखंडी गेट रुळावरून निसटलं आणि चौथीतल्या एका मुलाच्या पायावर पडलं. मांडीचं हाड मोडलं, मिरजेला नेऊन ऑपरेशन करावं लागलं. गेट खिळखिळं झाल्याचं पत्र शाळेनं ग्रामपंचायतीला दोनदा दिलं होतं. मुलाचे आईवडील ऊसतोडीला गेलेले, घरी फक्त आजी. वडील आता परत आलेत आणि केस करायची भाषा करतायत. हेडसरांनी एक कागद टाइप करून आणलाय: ‘मुलगा मनाई करूनही गेटवर चढला, शाळेची चूक नाही, आमची तक्रार नाही.’ त्यावर आजींचा अंगठा घ्यायचं काम बाईंवर टाकलंय. आजींना मराठी जेमतेम कळतं, घरात कानडी बोलतात. सहकारी म्हणतात, सरकारी शाळेवर केस होतच नाही. टेक्सासमधला मावसभाऊ फोनवर म्हणाला, आमच्याकडेही शाळेवर दावा लागत नाही, तू कशाला घाबरतेस. बाईंचे प्रश्न चार: अंगठा घेऊ का, मला कायद्याचं संरक्षण आहे का, मुलाला बघायला गेले तर चूक कबूल केल्यासारखं होईल का, आणि बदली मागून मोकळी होऊ का.

ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते थांबण्यासारखं नाही. अंगठा घेऊ नका. घेऊन झाला असेल तर कागद फाडून टाकू नका. तो कधी, कुणाच्या सांगण्यावरून आणि कसा घेतला हे स्वतःच्या अक्षरात लिहून तारीख घालून ठेवा.

त्या कागदाला कोर्टात काडीची किंमत नाही. अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या, मुलाचा भरपाईचा हक्क आजी सोडून देऊ शकत नाही. दावा दाखल झाल्यावर मुलाच्या वतीनं तडजोड करायची तर बापालाही कोर्टाची परवानगी काढावी लागते. शिवाय मुदतीच्या कायद्यात अज्ञान मुलांना सवलत आहे. साधारणपणे १८ पूर्ण झाल्यावरही ३ वर्षांपर्यंत त्याला स्वतःच्या नावानं कोर्टात येता येतं. म्हणजे आज ९ वर्षांचं असलेलं हे पोर कॉलेजात गेल्यावर तुमच्या शाळेच्या आवक-जावक रजिस्टरची नक्कल मागू शकतं. त्या दिवशी टेबलावर काय येईल ते डोळ्यांपुढं आणा. मराठीत टाइप केलेला मजकूर, कानडी बोलणाऱ्या म्हातारीचा निळा अंगठा आणि खाली साक्षीदार म्हणून तुमची सही. समोरचा वकील एकच विचारेल, ‘हा मजकूर आजींना कुणी आणि कुठल्या भाषेत वाचून दाखवला?’

आणि ‘मनाई करूनही चढला’ हे तुम्ही पाहिलं का? तुम्हीच लिहिलंय की तुम्ही आत होतात. न पाहिलेली गोष्ट पाहिल्यासारखी शाळेच्या दप्तरात लिहिणं ही साधी चूक राहत नाही. कुणाला वाचवायला सरकारी नोंद खोटी करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. गेट पडलं त्याचा दोष कुणाचा हे अजून ठरायचंय; हा दोष मात्र पुरता तुमच्या नावावर जाईल.

आता संरक्षणाचं बघू. तुमचा मावसभाऊ खोटं बोलत नाही. टेक्सासात सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’वर नुकसानभरपाईचा दावा लागतो तो जवळपास फक्त वाहनाच्या अपघातात. स्कूल बसनं इजा केली तर दावा, गेट पडलं तर बहुतेक नाही. शिक्षकांनी आपल्या अधिकारात, स्वतःची अक्कल वापरून केलेल्या कामालाही तिथं संरक्षण आहे. शिस्तीच्या नावाखाली जास्त बळ वापरलं तर ते जातं. २००१ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारनं शिक्षकांसाठी वेगळा कायदा केला, त्यातही मुद्दाम केलेली इजा, गुन्हा आणि ढळढळीत बेफिकिरी यांना सूट नाही. इलिनॉय राज्याची गोष्ट तर गमतीची आहे. स्कूल बस रस्ता सोडून आदळली, पेटली, मुलं भाजली. त्यावर तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९५९ साली सांगितलं की शाळांचं हे जुनं कवच आता कालबाह्य झालं. सहाच वर्षांत, १९६५ला, विधिमंडळानं नवा कायदा करून बरंचसं कवच परत चढवलं. त्यांचं म्हणणं असं की दाव्याचे पैसे शेवटी करदात्यांच्या खिशातून, म्हणजे इतर मुलांच्या शिक्षणातूनच जातात, आणि भीतीपोटी शिक्षक पोरांना मैदानावर सोडायचंच बंद करतील. हा युक्तिवाद मला सगळाच टाकाऊ वाटत नाही. सहलीचं नाव काढलं की आपल्याकडचे मुख्याध्यापक कसे अंग काढून घेतात ते तुम्हाला माहीत आहे. पण कवचाचाही खर्च असतो, आणि तो पाय मोडलेल्या पोराच्या घरी जातो.

ते कवच तिथल्या विधिमंडळांनी कलमं घालून लिहून दिलंय. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळांना तसं सरसकट कुणी दिलेलं नाही. आपली कहाणी सुरू होते कोलकात्यात, एका घोड्यापासून. किद्दरपूरच्या सरकारी गोदीतले कामगार एक जड लोखंडी सामान नेत होते. ते रस्त्यावर आदळलं, बग्गीचा घोडा बिथरून जखमी झाला. घोडा एका आगबोट कंपनीचा होता, तिनं ३५० रुपयांचा दावा लावला. १८६१ साली कोर्टानं ठरवलं की राज्य करणं वेगळं आणि गोदी चालवणं वेगळं. जे काम कुणी खासगी माणूसही करू शकतो, त्यातल्या निष्काळजीपणाबद्दल सरकारवर दावा चालतो. आपल्या राज्यघटनेच्या कलम ३००मध्ये हीच जुनी रेघ पुढं आली. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयानं राजस्थानात कलेक्टरच्या सरकारी जीपनं घेतलेल्या बळीची भरपाई सरकारला द्यायला लावली. मग थोड्याच वर्षांत पोलिसांच्या मालखान्यातून एका व्यापाऱ्याचं सोनं गेलं तेव्हा, हे सार्वभौम, म्हणजे राज्य करण्याचंच, काम आहे असं म्हणून सरकारला सोडलंही. ‘सरकारवर केस होत नाही’ ही स्टाफरूममधली समजूत बहुधा त्या सोन्याच्या निकालातून पाझरत आली असावी. त्यानंतर मात्र न्यायालयं हे कवच कमी कमीच करत गेली. आणि शाळा तर गावात संस्थाही चालवतात, ट्रस्टही चालवतात. ते काही राजदंडाचं काम नाही. जिल्हा परिषदेवर दावा लागू शकतो, ताई. सहकाऱ्यांना नम्रपणे सांगा.

मुलांच्या बाबतीत न्यायालयं किती कडक होतात याचं एक उदाहरण लक्षात ठेवा. १९९५ साली डलहौसी पब्लिक स्कूलची सहल बियास नदीवर गेली आणि १४ मुलं बुडाली. प्रत्येक कुटुंबाला ५ लाख रुपये भरपाई २००१ साली सर्वोच्च न्यायालयानं कायम केली. शाळा खासगी होती, पण पोरं ताब्यात घेणाऱ्यानं किती काळजी घ्यायची याचं माप त्यातून घालून दिलं गेलं.

तुम्ही म्हणाल, मग माझं काय? आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, कलम ३७मध्ये, त्या कायद्यानुसार ‘सद्भावनेनं’ केलेल्या कामाबद्दल सरकार, स्थानिक प्राधिकरण, शाळा व्यवस्थापन समिती आणि इतर माणसं यांना संरक्षण आहे. खिळखिळं गेट तसंच राहू देणं हे ‘कायद्यानुसार केलेलं काम’ ठरतं का, यावर वकील तासभर भांडतील. खरी मेख सद्भावनेत आहे. दिवाणी बाजूला प्रामाणिकपणा असला की ती मानतात, हातून हयगय झाली असली तरी. फौजदारीत तेवढ्यावर भागत नाही, योग्य ती काळजी घेतलेली असावी लागते. दोन्हीकडे प्रामाणिकपणाशिवाय पान हलत नाही, आणि हेडसरांचा कागद नेमका त्यावरच घाव घालतो. तुमच्याकडे आज जे काही कवच आहे ते तुमच्या खऱ्या नोंदींचं आहे. त्या खोट्या केल्या की कलम ३७ कुणी वाचूनही दाखवणार नाही.

सरकारच्या मंजुरीशिवाय सरकारी नोकरावर खटला नाही, असंही कुणी सांगेल. ते संरक्षण ज्यांना सरकारच्या मंजुरीनंच नोकरीवरून काढता येतं त्यांच्यासाठी आहे. प्राथमिक शिक्षकाची नेमणूक मुख्य कार्यकारी अधिकारी करतात. त्या आशेवर राहू नका.

पोलिस आले तर? हाड मोडणं कायद्यानं ‘गंभीर दुखापत’ असते. निष्काळजीपणानं ती झाली तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ लागतं; शिक्षा ३ वर्षांपर्यंत, पण गुन्हा जामीनपात्र. फौजदारीत साध्या हयगयीपेक्षा बरंच जास्त सिद्ध व्हावं लागतं. एका बाईकडे सगळे वर्ग, हेडसर बाहेर, सुट्टीतच पोर्टल भरायची घाई: हे सगळं जबाबात जसंच्या तसं सांगा. (शिजवलेल्या तांदळाचा रोजचा हिशेब मागणारी व्यवस्था गेटचा हिशेब वर्षातून एकदाही मागत नाही, हे मी तुमच्या वतीनं इथं नोंदवून ठेवते.)

आणि पैसे? दिवाणी दाव्यात शिक्षकाला प्रतिवादी करतात, पण नोकराच्या कामातल्या चुकीची भरपाई मालकावर, म्हणजे इथं जिल्हा परिषदेवर येते. तुमच्या पगारावर हात येऊ शकतो तो खात्याच्या चौकशीतून. त्या चौकशीतही तुमची बाजू तुमचे कागदच मांडतील.

आता जरा अवघड बोलते. ग्रामपंचायतीला दोनदा पत्र दिलं, हा तुमच्या पत्रातला सगळ्यात भक्कम मुद्दा असल्यासारखा तुम्ही मांडलाय. भक्कम आहेच, पण त्याला दुसरी बाजू आहे. पत्र दिलं म्हणजे धोका माहीत होता. मग गेट निदान तारेनं खांबाला बांधून एका बाजूची ये-जा बंद केली होती का? सुट्टीत पोरांनी तिकडं फिरकू नये म्हणून चुन्याची रेघ तरी मारली होती का? पत्राला उत्तर आलं नाही तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीत ठराव झाला का, पंचायत समितीच्या शिक्षण विभागाला कळवलं का? यातलं काही केलं असेल तर आजच शोधून काढा. नसेल केलं तर केलं नाही असंच सांगा, मागची तारीख घालून ठराव लिहायच्या फंदात पडू नका. दोष ग्रामपंचायतीचा, हेडसरांचा, तुमचा, ज्यानं गेट बसवलं त्याचा, सगळ्यांचा थोडाथोडा निघेल. तुम्ही दोन पर्याय धरून बसलात, एकतर मी निर्दोष नाहीतर गुन्हेगार. कोर्ट इतकं ढोबळ मोजत नाही.

वडिलांना काय हवंय हे कुणी विचारलंय का? तुमच्या पत्रात त्यांचं एकच वाक्य आहे, केस करणार. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेऊन ते फडावर गेले. पोराचा पाय मोडला, बाप गावी आला, उद्या आईला त्याच्याजवळ बसावं लागलं तर कोयताच मोडला. उचल मात्र फेडायचीच आहे, ती पुढच्या हंगामाच्या बोकांडी बसणार. दवाखान्याचं बिल दिसतं, हे दिसत नाही. केसची भाषा बहुतेक वेळा तिथून येते, तुमच्यावरच्या रागातून नाही.

म्हणून उद्या सकाळी करायचं पहिलं काम कोर्टाचं नाही. राज्यात पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. अपघातानं शस्त्रक्रिया करावी लागली तर प्रत्यक्ष खर्च, जास्तीत जास्त १ लाख रुपयांपर्यंत, त्यातून मिळतो. मृत्यू झाला तर वारसांना दीड लाख. प्रस्ताव शाळेमार्फत जातो. डिस्चार्ज कार्ड, मूळ बिलं, डॉक्टरांचा दाखला, घटनेची पोलिस नोंद किंवा पंचनामा असे कागद लागतात. गोम इथं आहे: घटना दाबली की पंचनामा नाही, पंचनामा नाही की प्रस्ताव नाही. हेडसरांचा कागद शाळेला वाचवत तर नाहीच, वर पोराच्या हक्काचे पैसे अडवतो. हे हेडसरांना याच शब्दांत सांगा. वरिष्ठाला ‘तुम्ही चुकताय’ म्हणणं जड जातं. ‘सर, अशानं प्रस्ताव परत येईल’ म्हणणं सोपं जातं आणि ते खरंही आहे. तरी त्यांनी जोर केला तर ‘लेखी आदेश द्या’ म्हणा. लेखी द्यायला सहसा कुणी धजावत नाही.

दवाखाना महात्मा फुले जनआरोग्य योजनेतला होता का, तेही वडिलांना विचारा. पुढं पायातली सळई काढायला पुन्हा ऑपरेशन लागू शकतं, तेव्हा तरी योजनेतलाच दवाखाना गाठता येईल.

दुसरं, आज रात्रीच तुमचं स्वतःचं निवेदन लिहा. किती वाजता, तुम्ही कुठं, हातात काय काम, आवाज कधी ऐकला, गेट कुणी उचललं, गाडी कुणाची मिळाली, आजींना कुणी कळवलं. ‘बहुतेक’ आणि ‘असावं’ गाळा, पाहिलं तेवढंच. जुन्या दोन पत्रांचे जावक क्रमांक आणि पोहोच सोबत जोडा. एक प्रत केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, पोहोच घेऊन. मोडक्या गेटचे फोटो तारखेसह काढा; ग्रामपंचायत घाईघाईत नवं बसवायला आली तर जुनं भंगारात जायच्या आधी पंचनामा होऊ द्या.

मुलाला बघायला जा. ‘फार वाईट झालं, मला झोप लागत नाही’ असं म्हणणं म्हणजे कबुलीजबाब नव्हे. पैशाचं वचन देऊ नका, ग्रामपंचायतीवर किंवा हेडसरांवर खापर फोडू नका, कशावर सही करू नका आणि करून घेऊ नका. कानडी येणारं कुणी सोबत न्या, आजींशी बोला. योजनेचा कागद वडिलांच्या हातात तुम्हीच द्या. पुढचे काही महिने पोराला शाळेत येता येणार नाही, त्याचा अभ्यास घरी कसा पोचवायचा तेही त्याच बैठकीत ठरवा.

आणि हे वाचून कदाचित दचकाल, पण त्यांना सांगा की सांगलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे मुलांना आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तुमच्याविरुद्धच वकील मिळवून दिल्यासारखं वाटेल. पण चांगला वकील त्यांना जिल्हा परिषदेकडं नेईल. गावातला कुणी ‘सेटलमेंट’वाला मध्ये पडला तर तो तुमच्या दारात आणून बसवेल.

अशाच अडचणीतले पालक हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी दोन गोष्टी. अज्ञान मुलाला मुदतीत सवलत असली तरी तिच्या भरवशावर बसू नका. सरकारला दाव्याआधी दोन महिन्यांची नोटीस लागते आणि जिल्हा परिषदेच्या बाबतीत नोटीस व मुदतीचे नियम आणखी आखूड असू शकतात; वकिलाला पहिला प्रश्न तोच करा. शाळेच्या सोयीसुविधांबद्दल आरटीईखाली स्थानिक प्राधिकरणाकडं लेखी तक्रार केली तर ३ महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. दुर्लक्ष ढळढळीत असेल तर उच्च न्यायालयात रिट करता येतं, आणि ऑगस्ट २०२५पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झाल्यानं सांगली-साताऱ्याच्या माणसाला त्यासाठी मुंबई गाठायची गरज उरलेली नाही.

राहिली बदली. मागायची तर मागा, तो तुमचा हक्क आहे. पण चौकशी बदलीच्या गावीही पाठोपाठ येते, आणि तिथून जुन्या शाळेच्या दप्तरातला एक कागद मिळवायचा तर किती खेटे घालावे लागतात ते तुम्ही जाणता. आधी सानुग्रह अनुदानाचा प्रस्ताव पंचायत समितीत पोचवा, पोहोच फाइलला लावा, वडिलांना तिची झेरॉक्स द्या. मग बदलीचा अर्ज भरा.